चुकलास, हेळव्या!

होनकेरी, ता. दक्षिण सोलापूर
१८ नोव्हेंबर १९७४

रत्ना,

तुजी पोरगी आमच्या ओसरीवर बसून भाकरी-शेंगाचटणी खाऊन, वर गाडगंभर ताक पिऊन गेली. तुला ठावं हाय का? न्हाय ना? मला वाटलंच.

तिला मारू नगंस. आदी सगळं वाच.

गेल्या बेस्तरवारी एष्टीतनं एक पोरगी उतरली. दोन वेण्या, खांद्याला पिशवी, पायात चप्पल. सोलापूरला कालेजात शिकते म्हणाली. त्यांच्या सरांनी भीमाकाठची गावं पोरापोरींना वाटून दिल्यात. ज्याला जे गाव आलं त्यानं त्या गावाचा इतिहास काढायचा. देऊळ कवाचं, पूर कुटवर आला हुता, कुटलं घराणं कुटनं आलं, कोणाच्या पोटी कोण. ते सगळं मोठमोठ्या कागदांवर मांडून फेब्रुवारीत कालेजच्या हालमदी लावणार. मग लायब्रीत ठेवणार. म्हंजे उद्या कोणाला आपलं घराणं हुडकायचं आसंल तर तितं जाऊन बघायचं. मी मनात म्हटलं, बरंय की, पोरांना काम न्हाय आन् सरांनाबी न्हाय.

मी ज्वारी पाखडायले हुते. सहज इचारलं, "नाव काय गं तुजं?"

"सुंदरा."

माज्या हातातलं सूप जाग्यावर थांबलं. आपल्या आईचं, अव्वाचं नाव! वर बघितलं तर हनुवटी पुढं काढून हुबी. अव्वा दूधवाल्याशी भांडायला हुबी राहायची तश्शी. "कुटली गं तू?" तर म्हणे, "कुर्डुवाडीची. वडील रेल्वेच्या वर्कशापात हायत."

मी वळख दावली न्हाय. तिनंबी दावली न्हाय. दोघीबी लई शाण्या.

मग मी तिला गाव दाखवलं. घाटावरचा तो दगड आठवतोय का, ज्याच्यावर आपण धुणं आपटायचो? त्याला उलटा करायला लावला तिनं चार बाप्यांना. खालच्या अंगाला जुनी कानडी अक्षरं निघाली, वर सूर्य-चंद्र. आपल्या आज्या-पणज्यांनी देवाच्या दानाच्या दगडावर लुगडी धुतली बघ. पोरगी हसली तवा तुज्यासारखीच नाकात हसली.

मग घरी आली आन् अप्पांना इचारलं, "आजोबा, तुमाला मुलं किती?"

अप्पा म्हणाले, "दोन. चन्नप्पा आन् गुरम्मा."

तिनं लिवून घेतलं. मी खांबाला धरून हुबी. तुज्या पोटची पोर, आपल्या बापाच्या घरात बसून, आपल्या घराण्याचं झाड काढायली आन् त्या झाडावर तिची आईच न्हाय! मला आसा राग आला की अप्पांच्या म्होरचं पानाचं तबक उचलून फेकावं वाटलं. फेकलं न्हाय. चहा केला.

जाताना अप्पांनी तिला नाव इचारलं. तिनं सांगितलं. अप्पा आडकित्ता हातात धरून बसून राहिले. सुपारी काय कातरली न्हाय त्यांनी.

एष्टीपर्यंत पोचवायला गेले तर पोरीनं तुजा पत्ता माज्या मुठीत कोंबला. "काय आठवलं तर कळवा," म्हणाली आन् रडायला लागली. मला सगळंच आठवतंय की गं.

तुला काय सांगून आली हुती? मंद्रूप गाव वाट्याला आलंय म्हणून? मारू नगंस.

तुजी अक्का
गुरम्मा


होनकेरी
९ डिसेंबर १९७४

रत्ना,

तुजं कार्ड आलं. एवढ्या वर्सांनी बहिणीला लिवलंस ते काय, तर एक ओळ. "अक्का, मेलेल्या माणसाला हाका मारू नगंस." वा गं वा! मेलेली माणसं कार्डं टाकतात व्हय? त्यांना पोस्टात तिकीट मिळतं?

तुला नगं आसंल. मला पायजे. ऐक आता.

हेळवी ध्यानात हाय का तुज्या, का रेल्वेच्या भोंग्यात इसरलीस? बैलावर बसून येणारा, हातात घंटा, काही वर्सांनी एकदा सुगी झाली की गावात शिरणारा. आपल्या घराण्याची सगळी नावं त्याच्या तोंडात. आपल्या घरचं कागदावर कायबी न्हाय, जे हाय ते हेळव्याच्या जिभंवर. लेकाचं नाव घेतो, लेकीचंबी घेतो आन् तिला कुठल्या गावाला दिली ते सांगतो.

तू नावाड्याच्या शिवपुत्राबरोबर गेलीस त्याच्या पुढल्या खेपंला म्हातारा हेळवी आला, तवा अप्पांनी त्याला दुभती गाय दिली. म्हणाले, धाकटीचं नाव आता घ्यायचं न्हाय. त्यानं गाय नेली. तवापासनं हेळवी आपल्या दारात "गुरम्मा, मंद्रूपला दिली" एवढं म्हणतो आन् गप होतो. मला हे शरणम्मानं सांगितलं, आपल्या भावजयीनं. मी तवा मंद्रूपला नांदत हुते, मला कुटनं ऐकू येणार? मालक गेले, मी माघारी आले, तवापासनं हेळवी आलेलाच न्हाय. मदी दुष्काळ पडला, कोण येतंय? यंदा ज्वारी बरी हाय. यंदा येणार.

तू म्हणशील, नाव घेतलं काय, न घेतलं काय. तसं न्हाय रत्ना. नाव घालायचं का काढायचं ते घरच्या कर्त्यानं सांगायचं, दुसऱ्यानं न्हाय. कर्ते अप्पा हायत तवर आशा हाय. त्यांचं आता पिकलं पान. ते गेले की कर्ता चन्नप्पा. आन् चन्नप्पा तुजं नाव घालील? नदी उलटी वाहिली तरी न्हाय. म्हणून हीच खेप. ही चुकली की तू कायमची गेलीस, आन् तुजी सुंदरा कालेजात आपल्या आईबिगरचं झाड भिताडाला लावणार.

मी चन्नप्पाशी बोलून बघितलं. तो आसा भडकला की ओसरीवरचं मांजर पळालं. म्हणे, दाक्षायणीचं लगीन अक्कलकोटला ठरत आलंय, आन् तुला आत्ताच भीमेचा गाळ उपसायचाय? दाक्षायणी त्याची थोरली, गुणाची पोर. तिचं वाईट व्हावं आसं मला वाटंल का? पण एका पोरीचं लगीन जमावं म्हणून दुसरीला पुसायची, ही कुटली रीत?

बरं, पत्र आवरते. हितं उजेड कमी हाय आन् म्हस सारकी कागद हुंगायली. थंडीत म्हशीजवळ ऊब आसती, म्हणून हिकडं गोठ्यात झोपायला आले. दुसरं कारण काय न्हाय.

तुजी अक्का


होनकेरी
२० जानेवारी १९७५

रत्ना,

पत्राला उत्तर न्हाय दिलंस. नगं देऊ. मी काय उत्तरासाठी लिवते व्हय?

हेळवी आलाय! आपल्या गावात न्हाय आजून, अलीकडच्या वाडीत उतरलाय. वेळ आमवास्येचं आंबील आन् भज्जी उरली हुती तवाच खबर लागली. संक्रांत होऊ दिली आन् डोक्यावर तिळाच्या पोळ्यांची दुरडी घेऊन गेले चालत. वाटंत बायांनी इचारलं, "गुरम्माक्का, कुटं?" म्हटलं, "पावण्याकडं."

म्हातारा मेला. आता त्याचा पोरगा शिवयोगी फिरतोय. मिशा बऱ्या हायत, आवाज त्याहून बरा. पोळ्या खाल्ल्या आन् म्हणाला, "अक्का, माज्या बापानं गाय घेतलीय. गाईला जागायला पायजे."

मी म्हटलं, "ती गाय कवाच मेली की रं!"

तर म्हणतो, "तिची कालवड झाली, कालवडीचा हा बैल. मी ह्याच्यावरच बसतोय." बघ म्हणजे! तुज्या नावावर बसून फिरतंय बेणं साऱ्या मुलखात.

मी डोक्याला हात लावला. पण माणूस खोटा न्हाय. जाताना आपणहून म्हणाला, "अक्का, मी नाव घालू शकत न्हाय. पण तुमाला मला आडवता येतंय. मी झाडावर चढून म्हणतो. घरच्यांनी 'बराबर' म्हटल्याबिगर मला खाली उतरता येत न्हाय. कोणी 'चुकलास' म्हटलं की मला मूळपुरुषापासनं पुन्हा म्हणावं लागतंय. नेमच हाय तो."

"कोणीबी म्हणावं का?"

"ज्याचं नाव मी घेतलं त्यानं."

रत्ना, येताना मला वाट कवा सरली कळलंच न्हाय. माज्या नावानंतरच तर तुजं नाव येतं! माजं नाव घेतलं रे घेतलं की माजं तोंड मोकळं.

सुंदराला कार्ड टाकलंय, ये म्हणून. तुलाबी ये म्हटलं आसतं. पण तू येणार न्हायस, आन् मीबी म्हणणार न्हाय. ज्या दारातनं नाव काढलं त्या दारात नाव घातल्याबिगर यायचं न्हाय. बरोबरच हाय तुजं.

भ्या वाटतंय जरा. कोणाला सांगू नगंस.

अक्का


होनकेरी
३ फेब्रुवारी १९७५

रत्ना गं,

झालं! जितले मी! हे आदीच लिवते, म्हंजे तू छातीवर हात ठिवून वाचू नगंस. आता निवांत बस आन् ऐक.

काल झुंजूमुंजू व्हायला घंटा वाजली. शिवयोगीनं बैल दाराम्होरं हुबा केला आन् सोता आपल्या दारच्या कडुलिंबावर चढला. सुंदरा आदल्या सांजंलाच आलेली, चौकटीला टेकून हुबी. अप्पा घोंगडं पांघरून कट्ट्यावर. चन्नप्पा दात घासायलेला. शरणम्मा आत चुलीपाशी.

त्यानं सुरू केलं. काय आवाज! "कल्लप्पा मूळपुरुष, नदीपल्याडचा. दरोड्यात घर जळालं. बायकोला आन् तान्ह्या लेकराला घेऊन काठावर आला. भीमेला पूर. समदे न्हाय म्हणाले, नावाड्यानं नाव घातली. उतराईचा पैसा घेतला न्हाय. म्हणाला, घर बसलं की आमाला इसरू नगा." मग कल्लप्पाचा संगप्पा, संगप्पाचा बसप्पा, आसं करत करत आपल्या अप्पांवर आला. "वीरभद्रप्पा. बायको सुंदरम्मा. लेक चन्नप्पा. लेकी..." आन् जरा थांबला. माज्याकडं बघितलं आन् म्हणाला, "गुरम्मा, मंद्रूपला दिली."

मी अंगणात गेले आन् ओरडले, "चुकलास, हेळव्या!"

चन्नप्पाच्या तोंडातली राखुंडी उडाली. "अक्का, गप आत जा! दिलेल्या लेकीला हितं तोंड न्हाय."

वरनं हेळवी म्हणाला, "चन्नप्पाण्णा, जिचं नाव मी घेतलं तिला आडवता येतंय. बापाचा नेम हाय." आन् केली की सुरुवात! कल्लप्पा मूळपुरुष, नदीपल्याडचा...

तवर शेजारची सावित्रम्मा आली. तिच्या मागनं आळीतली माणसं. कोण तांब्या घेऊन, कोण पोर काखंला मारून. पुन्हा माज्या नावावर आला. मी पुन्हा "चुकलास!" चन्नप्पा माज्या अंगावर आला, तर सुंदरा मदी हुबी राहिली. हनुवटी पुढं. चन्नप्पा जाग्यावरच थबकला. अव्वाच हुबी की त्याच्या म्होरं! तिला मारायला कोणाचा हात उचलंल?

"अक्का," हेळवी काकुळतीला आला, "ऊन चढायलंय. आमी दूध पिलंय तुमच्या गाईचं. मला उतरू द्या की."

"म्हण पुन्हा," मी म्हटलं. "माज्याकडं काय, सुगी झालीया."

लोक हसायले. त्यानं तिसऱ्यांदा धरलं. आता हे बघ रत्ना, ती नावाड्याची ओळ दर खेपंला आसतीच. पण हेळवी सुरू करतो तवा लोक आंथरुणात आसतात. आपण डोळे चोळत बाहीर येईतवर तो संगप्पा-बसप्पावर आलेला आसतो. ती पहिली ओळ सारा गाव जागा आसताना कोणी ऐकलेलीच न्हाय. आत्ता सारा गाव हुबा हुता. "समदे न्हाय म्हणाले, नावाड्यानं नाव घातली. घर बसलं की आमाला इसरू नगा..."

आन् दारातनं आवाज आला. शरणम्मा! डोईवर पदर, हाताला पीठ. लगीन करून आल्यापासनं अप्पांम्होरं तोंड उघडलं न्हाय त्या बाईनं. म्हणाली, "नावाड्यानं आणलं तवा चाललं, मामंजी. आन् नावाड्याच्या घरी लेक गेली तर न्हाय चालत?"

आसं कायतरी आपल्याला का सुचत न्हाय गं? मी नुसती ओरडायले हुते.

बैलानं तेवढं शेपूट हालवलं. अप्पांनी घोंगडं बाजूला केलं आन् हुबे राहिले. मी हात द्यायला गेले तर झिडकारला. लिंबाखाली गेले, वर मान केली.

"शिवयोगी. पुढं म्हण. रत्नम्मा."

हेळव्याचा आवाज बारीक झाला. वरनंच इचारलं, "धनी, कुर्डुवाडीला... दिली म्हणू, का गेली म्हणू?"

त्याला इचारावंच लागतं. जे म्हटलं जाईल ते पिढ्यान् पिढ्या म्हटलं जाणार. 'गेली' म्हटलं आसतं तरी कोणी नाव ठिवलं नसतं. गेलीसच हुतीस की तू.

अप्पा म्हणाले, "दिली."

मग जरा जोरात, चन्नप्पाकडं बघून, "मी दिली. नावाड्याच्या शिवपुत्राला, कुर्डुवाडीला दिली. तिची लेक सुंदरा. ती बघ, तितं हुबी. पैल्या दिवशीच वळकलं मी तिला."

म्हातारा वळकून बसला हुता, रत्ना! आन् मी दोन महिने म्हशीचा वास घेत झोपले!

मी रडले. मोठ्यानं रडले, लाजायचं काय त्यात. सुंदरा रडली. सावित्रम्मा तर उगंच रडली, तिचं काय जातंय. हेळव्यानं चौथ्यांदा मुळापासनं म्हटलं, आसं खणखणीत की घाटावर ऐकू गेलं म्हणतात. "गुरम्मा, मंद्रूपला दिली. रत्नम्मा, कुर्डुवाडीला दिली." आन् अंगणातली सगळीच ओरडली, "बराबर!" तवा कुटं तो खाली उतरला. पाय वाकडे झाले हुते बिचाऱ्याचे. शरणम्मानं चार भाकऱ्या वाढल्या, त्या चारीबी संपवल्या.

अप्पांनी गोठ्यातनं कालवड सोडून आणली. म्हणाले, "तुज्या बापाला गप बसायला गाय दिली हुती. तुला बोलायला ही घे."

चन्नप्पा बोलत न्हाय आजून. पण माजं आंथरूण गोठ्यातनं माजघरात आलेलं दिसलं. शरणम्मा म्हणते, मी न्हाय आणलं.

अक्का


होनकेरी
१७ फेब्रुवारी १९७५

रत्ना,

गावात नुसता धुमाकूळ चाललाय. हेळवी आपल्याकडनं उतरला तो सावित्रम्माच्या दारी गेला. माज्या नावाआदी माज्या आत्याचं नाव कुटाय, म्हणून सावित्रम्मानं त्याला आडवला. मग पाटलाच्या घरी सुना उठल्या. ज्याला त्याला कोणीतरी गाळलेलं आठवायलंय. बिचारा एका दिसात गाव उरकणारा माणूस, आठवडाभर लिंबावर, चिंचंवर लोंबकळायला. मला म्हणतो, "अक्का, तुमी मला नोकरी लावली."

अक्कलकोटच्या पावण्यांना हे कळलंच. चन्नप्पानं दोन दिस जेवण सोडलं. तिसऱ्या दिशी निरोप आला नवऱ्या मुलाच्या आजीचा. काय, तर तुमच्या हेळव्याला हिकडं धाडा, आमच्या घरातबी एक गाळलेली हाय, माजी थोरली लेक. लगीन पक्कं. आता चन्नप्पा लोकांना सांगत फिरतोय, आमच्याकडं आदीपासनं सगळं चोख म्हणून. सांगू दे. मी ऐकते आन् नाकात हसते, तुज्यासारखी.

परवा सोलापूरला जाऊन आलो, अप्पा, मी आन् शरणम्मा. कालेजच्या हालमदी साऱ्या भीमाकाठची गावं भिताडावर. आपल्या घाटावरच्या दगडाचा ठसा, पुराच्या खुणा, आन् मदोमद आपलं झाड. खाली मुळाशी सुंदरानं कल्लप्पा लिवलाय आन् त्याच्या बाजूला नाव काढलीया, नावाडी बसलेला. सर लोक अप्पांना खुर्ची द्यायले. अप्पा बसले न्हायत. झाडाजवळ गेले. म्हणाले, "मला वाचता येत न्हाय, पण रेघा तर दिसतात." आपल्या नावावरनं निघालेल्या रेघांवर बोट फिरवलं. एक, दोन, तीन. तिसरीवर बोट ठिवून हुबेच राहिले. मागं माणसं खोळंबली.

आता कामाचं. हेळव्याचा नेम तुला ठावं हाय. लेकीचं नाव नव्यानं घातलं की तिला जितं दिली तितं एकदा जाऊन त्यानं म्हणायचं. तवा शिवयोगी कुर्डुवाडीला निघालाय. बैल तोच, तुज्या गाईचा. रेल्वेच्या चाळीत झाड हाय का न्हाय मला ठावं न्हाय. नसलं तर पाण्याच्या टाकीवर चढंल. साहेब लोक ओरडले तर शिवपुत्रभावोजींना म्होरं कर. भाकरी जास्त थापून ठिव, लई खातो.

तू आतल्या खोलीत जाऊन बसू नगंस. मला तुजी सवय ठावं हाय. दारात ये, डोईवर पदर घे आन् त्याच्याकडं बघ. तो मुळापासनं येईल, नावाड्यावरनं येईल, अप्पांवर येईल. माजं नाव घेईल. मग तुजं घेईल आन् 'दिली' म्हणंल. नीट ऐक. चाळीतल्या सगळ्यांना ऐकू दे.

तुला 'बराबर' म्हणायचंय. त्याच्याबिगर तो खाली उतरणार न्हाय.

मग त्याच्या मागनं तू ये. घाटावर आता नवी नाव हाय, पण नावाड्याचं घर तेच. मी काठावर हाय.

तुजी अक्का
गुरम्मा, मंद्रूपला दिलेली